लाइट बिल, पंखे, बंब आणि सोलर: बेळगाव भागातल्या घरांना सरकारकडून काय मिळतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक सगळे हातात बिल धरूनच विचारले जातात. खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी, बेळगाव शहर, कुठलंही असो, सुरुवात ठरलेली: "सोलर बसवलं की सरकार पैसे देतंय म्हणे, खरं काय?" खरं आहे. पण तो पहिला प्रश्न नव्हे. पहिला प्रश्न बिलावरच्या युनिटांचा आहे, म्हणून सुरुवात तिथूनच केली आहे.

थोडक्यात सांगा, घरासाठी नेमकं मिळतं तरी काय?

रोख हातात पडते ती एकच मोठी रक्कम: केंद्राच्या पीएम सूर्य घर योजनेतली सोलरची सबसिडी, जास्तीत जास्त ७८,००० रुपये. कर्नाटक राज्याकडून गृह ज्योती, म्हणजे महिन्याला २०० युनिटांच्या आत ठरावीक वीज मोफत. सोलर वॉटर हीटर असेल तर बिलात छोटी सूट. आणि सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या वस्तूंवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. पंखा, फ्रीज, एलईडी घेतल्याबद्दल कुणी खात्यात पैसे टाकत नाही. त्यांचा फायदा आहे, पण तो वेगळ्या वाटेने येतो.

गृह ज्योतीत लाइट फुकटच आहे. मग पंखे-बिंखे बदलायचे कशाला?

कारण २०० युनिटं सगळ्यांना फुकट नाहीत. ही समजूत इतकी घट्ट बसली आहे की बिल आलं की लोक मीटर रीडरशीच भांडतात.

योजना जुलै २०२३ च्या वापरापासून सुरू झाली. तुमच्या घराचा २०२२-२३ या वर्षातला महिन्याचा सरासरी वापर धरला गेला आणि त्यावर थोडी वाढ दिली. समजा वाढ धरून तुमची मोफत मर्यादा १६० ठरली. त्या आत राहिलात तर बिल शून्य. १९० युनिट जाळलीत तर वरच्या ३० युनिटांचे पैसे, म्हणजे दोनेकशे रुपये. इथपर्यंत ठीक.

पण २०० ओलांडली की त्या महिन्याचं संपूर्ण बिल भरायचं. सगळी युनिटं, फिक्स्ड चार्ज, कर, सगळं. युनिटचा दर साधारण सहा रुपये, वर मंजूर लोडप्रमाणे (कनेक्शनला ठरवून दिलेली किलोवॅटची क्षमता) प्रत्येक किलोवॅटला फिक्स्ड चार्ज, वर कर. दोन किलोवॅटच्या घराचं २०५ युनिटांचं बिल दीड हजाराच्या पुढे जातं. १९९ ला काही शे रुपये आणि २०५ ला दीड हजार! शेवटची सहा युनिटं हजाराच्या वर पडली. एप्रिल-मे महिन्यात, पाव्हणे-रावळे आले, पोरं सुट्टीला घरी, चारी पंखे रात्रंदिवस, की हे हमखास घडतं.

म्हणून आपल्याकडे पंख्याची बचत युनिटाला सहा रुपयांच्या हिशेबाने मोजू नका. काठावर असलेल्या घराला बचतीची वीस युनिटं हजार रुपयांची असतात.

वापर कमी केला तर आमची मोफत मर्यादा पण खाली येईल की!

नाही येणार. मर्यादा २०२२-२३ च्या वापरावर ठरली आहे, गेल्या महिन्याच्या नव्हे. आज बचत केलीत म्हणून त्या वर्षाची सरासरी बदलत नाही. उलट, "मर्यादा टिकवायला हवी" म्हणून मुद्दाम हीटर चालू ठेवणारी एक आजी आम्हाला भेटली होती. आजी, बंद करा तो हीटर.

बिल सगळं कानडीत. नेमकं कुठं बघायचं?

पाच शब्द ओळखीचे करून घेतले की काम भागतं. 'हिंदिन मापन' म्हणजे मागचं रीडिंग (हिंदीचा काही संबंध नाही, कानडीत हिंदे म्हणजे मागे). 'इंदिन मापन' म्हणजे आजचं रीडिंग. 'बळके' म्हणजे वापर, दोन्ही रीडिंगमधला फरक. 'निगदित शुल्क' म्हणजे फिक्स्ड चार्ज. 'तेरिगे' म्हणजे कर. तुमची नजर 'बळके'वर हवी. आर आर नंबर (तुमच्या वीज कनेक्शनचा नंबर) आणि अकाउंट आयडी हे दोन आकडे वहीत उतरवून ठेवा, पुढच्या प्रत्येक अर्जाला हेच लागतात.

अजून एक सवय: महिन्याच्या मध्यावर स्वतः मीटर बघा. पंधरा दिवसांत ११० युनिटं झाली असतील तर उरलेल्या पंधरा दिवसांत काय करायचं ते तुमच्या हातात असतं. बिल आल्यावर फक्त भांडण हातात उरतं.

मग आधी काय बदलावं?

पंखा. ह्यात फारसा वाद नाही.

साधा जुना सीलिंग पंखा ७०-७५ वॅटचा. बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) फुल स्पीडला ३० वॅटच्या आसपास. दिवसाला पंधरा तास चालणारा पंखा धरला तर जुना महिन्याला ३३-३४ युनिटं खातो, नवा १३-१४. एका पंख्यामागे वीस युनिटं वाचली. घरात असे तीन पंखे असतील तर साठ. १६० ची मर्यादा असलेल्या घरात साठ युनिटं म्हणजे गंमत नव्हे. किंमत अडीच-तीन हजारांच्या घरात, म्हणून सगळे एकदम बदलू नका. जो सगळ्यात जास्त फिरतो तो आधी. बहुतेक घरांत तो सोप्यातला किंवा म्हाताऱ्या माणसांच्या खोलीतला असतो. पाहुण्यांच्या खोलीतला जुनाच राहू द्या.

दुसरं, न्हाणीतलं गरम पाणी. बेळगावची थंडी आणि खानापूरचा पाऊस ह्यांत गार पाण्याने अंघोळ कोण करतो? वीस लिटरची बादली २० अंशांवरून ४५ वर न्यायला अर्ध्या युनिटाच्या जरा वर वीज लागते. पाच माणसांचं घर म्हणजे रोजची तीनेक युनिटं, महिन्याची नव्वद. बिलात सगळ्यात मोठा वाटा ह्याचाच असतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही, कारण गीझर दिवसातून तासभरच चालू असतो.

तिसरा फ्रीज, पण फक्त खरोखर जुना असेल तर. नव्या फ्रीजच्या लेबलवर वर्षाची युनिटं छापलेली असतात. १८० असतील तर महिन्याला पंधरा. तुमचा जुना किती खातो ते पाहायचं असेल तर रात्री बाकी सगळं बंद करून मीटर बघा, सकाळी परत बघा. दाराचं रबर सैल झालं असेल तर आधी ते बदला, स्वस्तात सुटाल.

बल्बबद्दल आता काय सांगायचं? उजाला योजना २०१५ साली आली आणि नऊ वॅटचे एलईडी गल्लोगल्ली पोचले. तरी परड्यातल्या दिव्याला अजून साठचा पिवळा बल्ब असतो. तेवढा काढा.

स्टार म्हणजे जितके जास्त तितकं चांगलं ना?

हो, पण लेबलवरचं वर्ष पण बघा. स्टारचे निकष वेळोवेळी कडक होतात, त्यामुळे चार वर्षांपूर्वीचा पाच स्टारचा एसी आजच्या निकषावर खाली उतरतो. दुकानदार "शेवटचा पीस, पाच स्टार" म्हणून जुना माल गळ्यात मारतो तो असाच. सीलिंग पंख्यांना जानेवारी २०२३ पासून स्टार लेबल सक्तीचं आहे. लेबल नसलेला पंखा कुणी स्वस्तात देत असेल तर तो स्वस्त का आहे ते कळलंच.

एसीवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ टक्के झाला. पंखे आणि फ्रीज आधीपासून १८ वरच आहेत.

तांब्याचा बंब आहे. सोलर वॉटर हीटर घ्यावा का?

बंबाला नावं ठेवणार नाही, आमच्या घरीही तो आहे. नारळाची करवंटी, उसाची चिपाडं, झाडाच्या वाळक्या फांद्या, जळण घरचं असेल तर त्याच्यासारखं काही नाही. धुराचा त्रास आहेच, आणि जळण विकत घेत असाल तर हिशेब बदलतो.

सोलर वॉटर हीटरला केंद्राची सबसिडी होती, ती २०१४ मध्ये बंद झाली. कुणी अजून 'सबसिडीचा हीटर' म्हणून विकत असेल तर कागद दाखवायला सांगा. कर्नाटकात हीटर बसवलेल्या घराला बिलात युनिटामागे ५० पैसे, महिन्याला जास्तीत जास्त ५० रुपये अशी सूट मिळत आली आहे. ती आपोआप लागत नाही. हेस्कॉमच्या, म्हणजे आपल्या वीज कंपनीच्या, उपविभागात अर्ज द्यायचा, माणूस येऊन बघून जातो. कित्येक घरांवर दहा-दहा वर्षं टाकी आहे आणि सूट कधी मागितलीच नाही.

ठिकाणाचा विचार मात्र करा. अथणी, रायबाग, चिकोडीकडे ऊन भरपूर, तिथे हीटर जवळजवळ वर्षभर साथ देतो. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे आषाढ-श्रावणात सूर्य दिसणं हीच बातमी असते. तिथे हीटर घेतला तरी बंब मोडीत घालू नका.

पीएम सूर्य घरमध्ये किती मिळतात?

योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, देशभरात एक कोटी घरं आणि ७५,०२१ कोटी रुपये असा तिचा आवाका आहे. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००. म्हणजे एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीनला ७८ हजार. पाच बसवा नाही तर आठ, ७८ च्या वर जात नाही. अपार्टमेंटच्या लिफ्ट-पंपासारख्या सामाईक वापरासाठी वेगळी रक्कम आहे, किलोवॅटला १८,०००.

एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळं, सावली नसलेलं छत लागतं आणि सरासरी दिवसाला तीन-चार युनिटं निघतात. पॅनल भारतात बनलेल्या सेलचेच हवेत, नाही तर सबसिडी नाही. कोटेशन घेताना हे लिहून घ्या, कारण बाहेरच्या सेलचं पॅनल स्वस्त पडतं आणि "सबसिडीचं आम्ही बघतो" असं तोंडी सांगणारे पुष्कळ आहेत.

पैसे आधी तुम्ही भरायचे (किंवा कर्ज काढायचं), काम पूर्ण होऊन नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली, दोन्ही वीज मोजणारा) बसला आणि तपासणी झाली की सबसिडी तुमच्या खात्यात येते. विक्रेत्याच्या खात्यात नव्हे.

गृह ज्योती चालू असताना सोलर घ्यायचं का?

बिल शून्य येत असेल तर आमचं मत: आत्ता नको. शून्यातून काय वाचवणार? दीड-दोन लाखांचा खर्च, ७८ हजार परत आले तरी उरलेला लाखभर कशातून फिटणार? हे सांगितलं की सोलरवाले आमच्यावर रागावतात. रागावू देत.

ज्यांचा वापर दर महिन्याला ३००-४०० युनिटं आहे, एसी आहे, माडीवर दुसरा संसार आहे, किंवा गृह ज्योतीत बसतच नाही, त्यांनी जरूर घ्यावं. ३५० युनिटं जाळणाऱ्या घरात तीन किलोवॅट बसवले तर महिन्याला तीनशेच्या आसपास युनिटं निघतात. सहा रुपयांनी अठराशे. सबसिडी वजा जाता खर्च लाख-सव्वा लाख राहिला तर पाच-सहा वर्षांत वसूल, आणि पॅनल त्याच्या कितीतरी पुढे चालतं.

गरजेपेक्षा मोठा बसवून वीज विकण्याच्या नादाला लागू नका. जादा विजेला मिळणारा दर आपण मोजतो त्यापेक्षा बराच कमी असतो. शिवाय सोलरची क्षमता मंजूर लोडच्या वर गेली तर लोड वाढवला जातो, आणि लोडबरोबर फिक्स्ड चार्जही.

कौलारू घर आहे. चालेल?

स्लॅब असेल तर सगळ्यात सोपं. मंगळुरी कौलांवर थेट पॅनल ठेवता येत नाही, खालच्या वाशांना धरून लोखंडी सांगाडा करावा लागतो आणि तो खर्च वाढतो. वासे जुने असतील तर आधी सुतार आणा, सोलरवाला नंतर. पत्र्यावर जमतं. परड्यात किंवा गोठ्यावर उंच सांगाडा करूनही चालतं. आणि माकडं! खानापूरकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको. ज्या कौलांवरून टोळी रोज जाते तिथे पॅनलच्या वायरी पाइपातूनच न्यायला लावा.

लाइट गेली की सोलरवर घर चालेल ना?

नाही. हा भ्रम सगळ्यात जास्त लोकांचा आणि तो तुटतो पहिल्या वळवाला. सबसिडीतलं सोलर लाइनला जोडलेलं असतं. लाइन गेली की इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो, नाही तर खांबावर चढलेल्या लाइनमनला तुमच्या घरची वीज लागेल. भर दुपारी ऊन असलं तरी बंद. बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर जोडून घेता येतो, पण तो खर्च तुमचा, त्याला वेगळी सबसिडी नाही.

मीटर आजोबांच्या नावावर. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली.

आपल्याकडची निम्मी घरं अशीच आहेत. गृह ज्योतीला हे आड येत नाही, कारण तिथे राहणाऱ्याचा आधार आर आर नंबरला जोडला जातो. सूर्य घरला मात्र अडतं. बिलावरचं नाव, अर्जदाराचं नाव आणि बँक खात्याचं नाव जुळायला हवं.

आधी मीटर नावावर करून घ्या. मृत्यूचा दाखला, घराचा उतारा, वारसांची संमती. संमतीपाशी गाडी अडकते. पुण्याला असलेला काका, लग्न होऊन गडहिंग्लजला गेलेली आत्या, सगळ्यांना वाटतं सही केली की घरावरचा हक्क गेला. मीटर नावावर होणं म्हणजे घर नावावर होणं नव्हे, हे त्यांना शांतपणे सांगा. गणपतीला सगळे घरी येतात तेव्हा कागद तयार ठेवा. चौथ्या दिवशी नाही, पहिल्या दिवशी सह्या घ्या.

नावाच्या स्पेलिंगचा घोळही असतोच. मराठी शाळेचा दाखला, कानडीतला उतारा, इंग्रजीतलं आधार, तिन्हीकडे आडनाव तीन तऱ्हांनी. अर्ज भरण्याआधी निदान बिल आणि बँकेचं पासबुक एकसारखं करून घ्या.

कोल्हापूरचे पाव्हणे म्हणतात त्यांना जास्त मिळतं.

मिळत असेल. केंद्राची ७८ हजारांची मर्यादा दोन्हीकडे सारखीच. राज्याच्या योजना कनेक्शनप्रमाणे चालतात: त्यांचं महावितरण, आपलं हेस्कॉम. भाषा कुठली बोलता, शेत कुठल्या बाजूला आहे ह्याला किंमत नाही. चंदगडला घर आणि बेळगावला घर अशी दोन घरं असतील तर प्रत्येक घराचा हिशेब त्या-त्या राज्यात. आणि गृह ज्योती पाव्हण्यांना नाही, हे त्यांना आठवण करून द्यायला हरकत नाही.

इन्कम टॅक्समध्ये काही सूट? मुलगा अमेरिकेत आहे, तिकडे मिळते म्हणतो.

तिकडे होती. खिडक्या, इन्सुलेशन, हीट पंप, सोलर ह्यांच्या खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत रक्कम थेट करातून वजा होत असे. नव्या कायद्याने ते ३१ डिसेंबर २०२५ नंतरच्या खर्चाला बंद झालं. मुलाला विचारा, त्याने वेळेत बसवलं का.

आपल्याकडे पंखा किंवा सोलर घेतला म्हणून पगारदाराला करात सूट नाही. घरदुरुस्तीसाठी कर्ज काढलं तर त्याच्या व्याजावर वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, तीही जुनी करपद्धत निवडली तरच. विक्रेता "टॅक्स बेनिफिट" म्हणून जे सांगतो ते धंद्यातल्या घसाऱ्याबद्दल असतं. ते कारखानदाराला, तुम्हाला नव्हे.

भाड्याने राहतो. आम्हाला काय?

गृह ज्योती भाडेकरूलाही आहे, आधार जोडा. घर सोडताना राज्याच्या सेवा सिंधू पोर्टलवरून तो काढून टाका, नाही तर नव्या घरी अडचण. एका माणसाला एकच मीटर. छत मालकाचं, म्हणून सोलर त्याच्या हातात. बीएलडीसी पंखा घेतलात तर घर सोडताना काढून न्या, जुना परत लावून द्या. मालकाशी हे आधीच बोललेलं बरं.

कर्ज मिळतं का?

तीन किलोवॅटपर्यंतच्या सोलरसाठी सरकारी बँका दोन लाखांपर्यंत विनातारण देतात, व्याज रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी जोडलेलं, वैयक्तिक कर्जापेक्षा बरंच कमी. अर्ज जनसमर्थ पोर्टलवरून. पतसंस्थेचं कर्ज काढण्याआधी हे विचारा.

"तुमची सबसिडी मंजूर झाली, लिंक उघडा" असा मेसेज आला.

उघडू नका. अर्ज न करता सबसिडी मंजूर होत नाही. सूर्य घरचा अर्ज सरकारी पोर्टलवरच होतो आणि विक्रेता तिथल्याच यादीतून निवडायचा असतो. ओटीपी कुणालाही नाही, "तुमचाच माणूस आहे" म्हणणाऱ्यालाही नाही. मराठीत गोड बोलला म्हणून तर मुळीच नाही. शंका आली तर योजनेची हेल्पलाइन १५५५५, आणि विजेच्या तक्रारीला १९१२. अर्ज स्वतः भरता येत नसेल तर बेळगाव वन किंवा गावातल्या ग्राम वन ह्या सरकारी सेवा केंद्रात जा. जाताना चालू महिन्याचं बिल, आधार, पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाइल बरोबर घ्या. मोबाइल घरी चार्जिंगला ठेवून आलेल्या माणसाला परत पाठवावं लागतं, आणि असा एक तरी रोज येतोच.